ब्राउन एल ओळखावी कशी, प्यावी कशी

बिअरच्या यादीत ब्राउन एल या तपकिरी बिअरवर नजर सगळ्यात शेवटी जाते. आयपीए कडवटपणावरून ओळखू येते, स्टाउट काळ्या रंगावरून. ब्राउन एलची सगळी चव धान्य किती आणि कसं भाजलं यावर उभी असते, आणि बर्फागार ग्लास घाईघाईने रिकामा करणाऱ्याला ती कळतच नाही. मग ‘ठीक आहे, काही खास नाही’ असा शेरा मारून लोक पुढच्या बिअरकडे वळतात. मला हा शेरा फार अन्यायाचा वाटतो. बिअरमधलं धान्य चाखायला शिकायचं असेल तर सुरुवात ब्राउन एलपासूनच करावी, कारण इथे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) मागे राहतात, अल्कोहोल घशाला लागत नाही आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, मोकळेपणाने बोलतं.

खाली बाटली निवडण्यापासून शेवटच्या घोटापर्यंतचा सगळा क्रम दिला आहे. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी बिअर बनवणाऱ्या वाचकांसाठी शेवटी एक कृतीही आहे.

आधी घराणी ओळखा

ब्राउन एल या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या बिअर विकल्या जातात. कोणती हातात आहे हे माहीत नसेल, तर गोड बिअरमध्ये कडवटपणा शोधला जातो आणि कोरडीत गोडवा.

पहिलं घराणं लंडनचं. १९०२ च्या सुमारास पूर्व लंडनमधल्या मान, क्रॉसमन अँड पॉलिन या ब्रुअरीने मान्स ब्राउन एल बाजारात आणली. ती गडद, मऊ आणि गोडसर होती. आज तिच्यात अल्कोहोल जेमतेम २.८ टक्के असतं. त्या काळी पबमध्ये पिंपातून मिळणारी माइल्ड, म्हणजे हलकी, कमी कडवट बिअर, कधी चांगली निघायची, कधी शिळी आणि गॅस गेलेली. मग गिऱ्हाईक अर्धा ग्लास माइल्ड घ्यायचं आणि वर बाटलीतली ब्राउन ओतायचं. बाटलीतल्या गॅसने त्या मरगळलेल्या माइल्डमध्ये जीव यायचा. या मिश्रणाला ‘ब्राउन अँड माइल्ड’ म्हणत. हे घराणं आता जवळजवळ संपलं आहे. मान्स अजून मिळते, पण इंग्लंडमध्ये पुष्कळ जण ती प्यायला नव्हे तर ख्रिसमस पुडिंगमध्ये घालायला घेतात.

दुसरं घराणं इंग्लंडच्या उत्तरेचं, आणि बहुतेकांच्या मनात ब्राउन एल म्हणजे हेच. संडरलंडच्या व्हॉक्स ब्रुअरीने १९०१ मध्ये मॅक्सिम एल काढली. बोअर युद्धातून परतलेल्या कॅप्टन अर्नेस्ट व्हॉक्स यांच्या सन्मानार्थ, त्यांच्या तुकडीकडच्या मॅक्सिम तोफेवरून ते नाव ठेवलं होतं. १९२७ मध्ये न्यूकॅसलला कर्नल जिम पोर्टर यांनी न्यूकॅसल ब्राउन एल आणली आणि पुढच्याच वर्षी तिने लंडनच्या ब्रुअर्स प्रदर्शनात पारितोषिकं मिळवली. बाटलीवरच्या निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे एकत्र येऊन न्यूकॅसल ब्रुअरीज उभी करणाऱ्या पाच ब्रुअऱ्या. लंडनच्या मानाने ही बिअर फिकी, तांबूस आणि कोरडी, अल्कोहोल ४.७ टक्के. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टर गावची सॅम्युअल स्मिथ नट ब्राउन एल याच घराण्यातली, ५ टक्क्यांची. माझ्या मते या शैलीचा नमुना म्हणून एकच बाटली घ्यायची झाली तर ती घ्यावी.

न्यूकॅसलची एक हकीकत सांगायलाच हवी. २००० साली युरोपीय संघाने या बिअरला भौगोलिक संरक्षण दिलं, म्हणजे न्यूकॅसल शहरात बनेल तीच न्यूकॅसल ब्राउन. २००५ मध्ये शहरातली ब्रुअरी बंद झाली आणि उत्पादन टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला गेलं. मग कंपनीलाच स्वतःचं संरक्षण रद्द करून घ्यावं लागलं आणि २००७ मध्ये ते रद्द झालं. २०१० मध्ये बिअर टॅडकास्टरला गेली, नंतर नेदरलँड्समध्येही बनू लागली. अमेरिकेसाठी २०१९ पासून ती लगुनिटास या अमेरिकन कंपनीने वेगळ्या पाककृतीने बनवली. त्यामुळे ‘न्यूकॅसल मी प्यायलोय’ असं कुणी म्हणालं, की कुठे आणि कोणत्या साली हे विचारायला हरकत नाही.

तिसरं घराणं अमेरिकन. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या घरगुती ब्रुअरांनी इंग्लिश ब्राउन घेतली, तिच्यात भाजलेलं माल्ट वाढवलं आणि वर अमेरिकन हॉप्स भरपूर घातले. १९८६ मध्ये पीट स्लॉसबर्ग यांची पीट्स विकेड एल आली आणि अमेरिकेत ही शैली घरोघरी पोहोचली. ती बिअर २०११ मध्ये बंद झाली. आज ब्रुकलिन ब्राउन एल, बेल्स बेस्ट ब्राउन किंवा मोंटानाची मूस ड्रूल यांच्यावरून या घराण्याची कल्पना येते.

बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या २०२१ च्या नियमावलीत ब्रिटिश ब्राउनसाठी ४.२ ते ५.९ टक्के अल्कोहोल आणि २० ते ३० आयबीयू (कडवटपणाचं माप) इतका कडवटपणा दिला आहे. अमेरिकन ब्राउनसाठी ४.३ ते ६.२ टक्के आणि कडवटपणा तितकाच, पण रंग बराच गडद. आकडे इतके जवळ असूनही ग्लासात दोघी वेगळ्या लागतात, कारण फरक हॉप्सच्या वासात आणि भाजणीच्या खोलीत आहे.

बेल्जियममधली आउट ब्राउन मात्र या कुळातली नाही. ती आंबट असते, मुरवलेली असते. नावात ब्राउन दिसलं म्हणून घेतलीत तर पहिल्याच घोटाला दचकाल.

चव येते कुठून

बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि गरम हवेने वाळवतात, की झालं माल्ट. ब्राउन एलमध्ये ८० ते ९० टक्के धान्य असं साधं फिकं माल्टच असतं. तेवढ्यावर बिअर सोनेरी होते आणि पावाच्या गराची, बिस्किटाची मंद चव येते. उरलेल्या १०–२० टक्क्यांत सगळी करामत आहे.

त्यातलं पहिलं क्रिस्टल माल्ट. मोड आलेला दाणा न वाळवता, ओला असतानाच ६५–७० अंश सेल्सियसला ठेवतात. सालीच्या आतच स्टार्चची साखर होते. मग उष्णता वाढवली की ती साखर तिथेच आटते, काचेसारखी कडक होते. हलकं भाजलं तर टॉफीचा गोडवा, जास्त भाजलं तर काळ्या मनुका आणि खजूर. ब्राउन एलमधला गोल, भरलेला गोडवा बहुतेक इथूनच येतो.

दुसरं चॉकलेट माल्ट. यात चॉकलेट अजिबात नसतं, नाव रंगावरून पडलं. वाळलेलं माल्ट २०० अंशांच्या वर फिरत्या पिंपात भाजतात. असं पिंप डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये पेटंट केलं. त्याआधी तपकिरी माल्ट लाकडाच्या आचेवर व्हायचं, एकसारखं भाजलं जायचं नाही आणि धुराचा वास धरायचं. चॉकलेट माल्ट ब्राउन एलमध्ये फारच थोडं लागतं, एकूण धान्याच्या २ ते ४ टक्के. त्यात टक्का-दोन टक्के वाढ झाली तरी बिअर पोर्टर या जास्त भाजणीच्या, कॉफीसारख्या कडवट बिअरच्या दिशेने सरकते.

तिसरी जोडी अंबर आणि ब्राउन माल्टची, मधल्या भाजणीची. खरपूस पावाची कड, भाजलेल्या दाण्यांचा वास ही त्यांची देणगी.

या सगळ्यामागे एकच रासायनिक प्रक्रिया आहे, मेयार अभिक्रिया. उष्णता लागली की धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात. त्यातून तपकिरी रंग येतो आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. त्यांतली पायराझिन्स दाण्यांसारखा खमंग वास देतात. कढईत शेंगदाणे भाजताना तीच द्रव्यं तयार होतात. म्हणून ‘नट ब्राउन’ नावाच्या बिअरमध्ये सहसा अक्रोड-बदाम काहीच नसतं आणि तरी दाण्यांची चव लागते. सहसा म्हणतोय, कारण काही अमेरिकन ब्रुअऱ्यांनी खरोखर हेझलनटचा अर्क घातला आहे. दाण्यांची अ‍ॅलर्जी असेल तर लेबल वाचल्याशिवाय पिऊ नका. बार्लीमुळे ग्लुटेन तर असतंच.

यीस्टचा वाटा छोटा पण महत्त्वाचा. इंग्लिश यीस्ट १८ ते २० अंशांवर काम करताना सफरचंद-नाशपातीसारखा फळांचा हलका वास सोडतं. फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे जुने इंग्लिश हॉप्स ओल्या मातीचा, वाळल्या गवताचा वास देतात आणि गोडव्याला बांध घालतात. पाण्याचंही नातं आहे. लंडनच्या पाण्यात चुनखडीमुळे बायकार्बोनेट जास्त असतं, तर गडद माल्ट आम्लधर्मी असतं. दोघं एकमेकांना सावरतात, म्हणूनच तिथे गडद बिअर आधी चांगल्या झाल्या.

नाकाची तयारी

ब्राउन एल उघडण्याआधी दहा मिनिटं यावर घाला. चाखण्यात खरी अडचण जिभेची नसते. वास ओळखीचा असतो पण नाव आठवत नाही. समोर खऱ्या वस्तू असल्या की हे लगेच सुटतं.

साध्या पांढऱ्या ब्रेडचे चार स्लाइस घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा सोनेरी भाजा, तिसरा गडद तपकिरी, चौथ्याच्या कडा करपू द्या. प्रत्येकावर वाटी पालथी घाला, म्हणजे वास आत राहील. शेजारी छोट्या वाट्यांमध्ये सोललेले भाजके शेंगदाणे, काळ्या मनुका, चिरलेला खजूर, चमचाभर बिनसाखरेचा कोको आणि चार-पाच कॉफीचे दाणे ठेवा. एका पळीत साखर वितळवून तांबूस होईपर्यंत कॅरॅमल करा आणि ताटलीवर ओता.

आता डोळे मिटून एकेक वाटी उचला आणि नाकाशी धरा. सोनेरी आणि गडद टोस्टमधला फरक नीट लक्षात घ्या, कारण उत्तर इंग्लंडची ब्राउन बहुतेक वेळा या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते. करपलेल्या कडेचा वास पोर्टर-स्टाउटचा. तो ब्राउन एलमध्ये ठळक आला तर समजायचं, ब्रुअरने भाजणी जास्त वापरली. खजूर आणि कॅरॅमल हेही वेगळे ठेवा. दोन्ही गोड, पण खजुरात एक आंबूस खोली असते. ती जास्त भाजलेल्या क्रिस्टल माल्टची खूण आहे.

बाटली निवडताना

तारीख पहिली बघा. ५ टक्क्यांच्या आसपासची बिअर मुरवायची नसते; बाटलीत भरल्यापासून तीन-चार महिन्यांत तिची खरी चव असते. भारतात आयात होऊन येणाऱ्या ब्राउन एलच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण समुद्रप्रवास आणि गोदामातली गरमी यांत भाजलेल्या दाण्यांचा ताजा वास आधी जातो. दुकानाच्या खिडकीत उन्हात मांडलेली बाटली घेऊच नका.

काचेचा रंगही पाहा. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशात तुटतात आणि एक उग्र, कुबट वास तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, पारदर्शक काच अजिबात अडवत नाही. न्यूकॅसल ब्राउनची पारदर्शक बाटली दिसायला सुरेख आहे, पण तीच घ्यायची तर बंद खोक्यातली मागा. कॅन मिळाला तर उत्तम.

पुण्या-मुंबईत आणि गोव्यात मायक्रोब्रुअरी असणाऱ्यांना सोपं आहे. पुण्यात २००९ मध्ये दूलाली सुरू झाली तेव्हापासून ताजी एल पिंपातून मिळण्याची सोय झाली. यादीत ब्राउन एल कायम नसते, ऋतूनुसार येते-जाते. दिसली तर आधी लहान ग्लासात चव मागा आणि पिंप कधी उघडलं ते विचारा. हे विचारण्यात काही वावगं नाही. चांगला बारमन आनंदाने सांगतो.

घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा, अंधारात आणि थंड जागी. आडवी ठेवली तर झाकणाखालच्या हवेचा बिअरशी जास्त संपर्क येतो, आणि तळाशी यीस्ट असेल तर ते पसरतं.

तापमान आणि ग्लास

ब्राउन एल १० ते १३ अंशांवर प्यावी. आपल्याकडे बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि चव तिथेच जाते. ४ अंशांवर जीभ बधिर होते, सुगंध उडत नाही, गॅस मात्र टोचतो. मग उरतं ते कडवट, पातळ पाणी. फ्रीजमधून काढलेली अर्ध्या लिटरची बाटली मुंबईच्या उन्हाळ्यात २० मिनिटांत या पातळीवर येते. इंग्लंडच्या थंडीत पाऊण तास लागतो. स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर एकदा मोजून पाहा, पुढच्या वेळी हातालाच कळेल.

एक प्रयोग अवश्य करा. फ्रीजमधून काढल्या काढल्या दोन घोट घ्या, काय लागलं ते लिहा आणि ग्लास बाजूला ठेवा. वीस मिनिटांनी पुन्हा चाखा. इतका फरक पडतो की दुसरी बिअर ओतली की काय असं वाटतं.

ग्लास साधा पाइंटचा चालतो, फक्त स्वच्छ हवा. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. असे बुडबुडे दिसले तर ग्लास गरम पाण्याने पुन्हा धुवा आणि पुसू नका, पालथा घालून निथळू द्या. ईशान्य इंग्लंडमध्ये न्यूकॅसल ब्राउन अर्ध्या पाइंटच्या छोट्या ग्लासातून पिण्याची रीत आहे. बाटली शेजारी ठेवायची आणि थोडी थोडी भर घालत राहायचं. प्रत्येक वेळी फेस नवा येतो आणि वास उठतो. रीत म्हणूनच नाही, चवीसाठीही ती पाळण्यासारखी आहे.

ओतताना ग्लास तिरका धरा, निम्मा भरला की सरळ करा आणि धार मध्यावर सोडा. बोटभर फेस यायला हवा. बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर शेवटचा घोटभर भाग बाटलीतच ठेवा.

पाहा, हुंगा, घोट घ्या

ग्लास उजेडासमोर धरा. नुसता टेबलावर ठेवलेला तो काळपट वाटतो. उजेड आरपार गेला की ब्रिटिश ब्राउन तांब्यासारखी लालसर दिसते, कडेला नारिंगी. अमेरिकन ब्राउन अधिक गडद, पण तिच्यातूनही लाल छटा दिसायला हवी. उजेड आरपार जातच नसेल तर ती ब्राउन नाही. फेस पांढरा नव्हे, सायीच्या रंगाचा असतो.

मग वास. ग्लास एकदा गोल फिरवा, दोन-तीन छोटे श्वास घ्या आणि थांबा. मोठा श्वास ओढलात तर नाक लवकर थकतं. मघाच्या वाट्यांशी ताडून पाहा. पावाची कड आधी येते का टॉफी? दाणे कुठे आहेत? फळांचा वास असेल तर तो सफरचंदाचा, म्हणजे यीस्टचा. की मनुकांचा, म्हणजे माल्टचा? अमेरिकन ब्राउन असेल तर लिंबूवर्गीय साल किंवा पाइनचा वास वरवर तरंगतो. तो बाजूला सारून खाली धान्य शोधा. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं.

पहिला घोट तोंड भरून घ्या आणि दोन-तीन सेकंद जिभेवर फिरवा. या घोटात चवी एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रम हीच ब्राउन एलची खरी ओळख. आधी गोडवा लागतो, टॉफीचा किंवा बिस्किटाचा. मग तोंडाच्या मध्यात खमंगपणा उघडतो. गिळताना हॉप्सचा कडवटपणा येतो आणि गोडव्याला थांबवतो. गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. आता मागे उरतो तो वास फार महत्त्वाचा: भाजलेल्या दाण्यांचा, कधी कोकोचा, आणि तोंड बऱ्यापैकी कोरडं. गोडवा घोटानंतरही चिकटून राहिला तर बिअर लंडनच्या वळणाची आहे, नाहीतर ब्रुइंगमध्ये काहीतरी कमी पडलं. उत्तरेकडची ब्राउन कोरडी संपायलाच हवी. म्हणूनच तिचा दुसरा ग्लास जड वाटत नाही.

दुसऱ्या घोटात चवीकडे लक्ष देऊ नका, फक्त तोंडातला भार तपासा. बिअर पाण्यापेक्षा दाट पण सायीइतकी जड नसावी, गॅस मंद असावा. हिरड्यांना कच्च्या सुपारीचा तुरटपणा जाणवला तर भाजलेल्या धान्याच्या सालीतला तुरटपणा बिअरमध्ये उतरला आहे.

शेजारी ठेवून चाखणं

एकट्या बिअरवरून शैली शिकता येत नाही. एक माइल्ड, एक ब्रिटिश ब्राउन, एक अमेरिकन ब्राउन आणि एक पोर्टर घ्या, प्रत्येकी शंभर मिली, सगळ्या एकाच तापमानाला. याच क्रमाने चाखा.

माइल्ड साधारण ३ ते ३.८ टक्क्यांची असते, अंगाने हलकी, कडवटपणा कमी. ब्रिटिश ब्राउन म्हणजे तीच वाट पुढे चालत गेल्यासारखी: अल्कोहोल जास्त, माल्ट भरीव, शेवट कोरडा. अमेरिकन ब्राउनमध्ये कोको आणि हॉप्स दोन्ही मोठ्याने येतात. पोर्टरला पोहोचलात की कॉफीची कडवट छटा आणि करपलेल्या कडेचा वास लागेल. तो लागला की परत ब्रिटिश ब्राउनकडे या. आता तिच्यात काय नाही हे कळेल आणि त्यामुळेच काय आहे तेही.

हे जमलं की दुसऱ्या कुणाला तीन ग्लास भरायला सांगा: दोनमध्ये एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. डोळे मिटून वेगळा ग्लास शोधायचा. बिअरच्या प्रयोगशाळांमध्येही हीच चाचणी करतात. ब्राउन आणि माइल्डची जोडी सगळ्यात अवघड जाते, आणि सगळ्यात जास्त शिकवते.

बिघडलेली बिअर

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली आहे, तिला ऑक्सिजन लागला आहे. ब्राउन एलमध्ये हा दोष लपतो, कारण शिळेपणासोबत शेरीसारखा गोडवाही येतो आणि तो माल्टचाच वाटतो. फरक असा की ताज्या माल्टच्या गोडव्यामागे खमंगपणा असतो, शिळ्या गोडव्यामागे पोकळी. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसेटिल. इंग्लिश एलमध्ये किंचित चालतो, ठळक आला तर दोष. व्हिनेगरचा आंबटपणा आला तर पिंप किंवा नळी अस्वच्छ आहे. ग्लास परत करा.

सोबत काय खावं

इंग्लंडमध्ये हिच्यासोबत रोस्ट बीफ, सॉसेज, स्टेक अँड एल पाय आणि मुरलेलं चेडर खातात. कारण साधं आहे: जिथे भाजून तपकिरी कड आली, तिथे ही बिअर जुळते.

हा नियम धरला तर मराठी स्वयंपाकात हिच्यासाठी भरपूर जागा आहे. कांदा-खोबरं काळसर भाजून केलेल्या वाटणाचं सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी हा मला सापडलेला सगळ्यात चांगला जोड. भाजलेलं खोबरं आणि बिअरमधला दाण्याचा वास एकमेकांत मिसळतात, आणि बिअरचा मंद गोडवा मसाल्याची धार कमी करतो. आयपीएसोबत तेच मटण खाल्लं तर कडवटपणा तिखट वाढवतो आणि तोंड भाजतं. तव्यावरचं भरीत, चुलीवर भाजलेला बटाटा, गोव्याचे चोरीस पाव हेही जुळतात. चकणा म्हणून खारे शेंगदाणे पुरेत. आमटीसारखे आंबट-पातळ पदार्थ मात्र टाळा. आंबटामुळे बिअर गुळचट लागते. हलक्या वाफवलेल्या माशावर ती अंगावर येते.

घरी बनवायची असेल तर

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं कायद्याला धरून नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती वापरासाठी परवाना लागत नाही, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये ही मोकळीक दिली. तिथे राहणाऱ्यांसाठी २० लिटर ब्रिटिश ब्राउनचं प्रमाण असं:

- मॅरिस ऑटर फिकं माल्ट ३.८ किलो
- मध्यम क्रिस्टल माल्ट ३५० ग्रॅम
- अंबर माल्ट २०० ग्रॅम
- चॉकलेट माल्ट १२० ग्रॅम
- ईस्ट केंट गोल्डिंग्ज, ५ टक्के अल्फा आम्ल (हॉप्समधली कडू द्रव्यं), ४० ग्रॅम
- कोणतंही चांगलं इंग्लिश एल यीस्ट

१२ लिटर पाणी ७३ अंशांपर्यंत तापवा आणि भरडलेलं धान्य त्यात ढवळत मिसळा. मिश्रण ६६–६७ अंशांवर स्थिरावलं की झाकून तासभर ठेवा. हे तापमान दोन अंशांनी वाढलं तर बिअर गोड आणि जड होते, दोन अंशांनी घटलं तर जास्तच कोरडी. मग रस गाळून घ्या आणि धान्यावर ७५ अंशांचं पाणी हळूहळू सोडून धुवा, म्हणजे एकूण २४ लिटरच्या आसपास रस मिळेल. त्याहून गरम पाणी वापरलं तर सालीतला तुरटपणा उतरतो. उकळी आली की सगळे हॉप्स घाला आणि तासभर उकळा.

लवकरात लवकर १८ अंशांपर्यंत गार करून यीस्ट घाला. सुरुवातीचं सापेक्ष घनत्व १.०४७ च्या आसपास यायला हवं, शेवटी १.०१२, म्हणजे अल्कोहोल साडेचार टक्क्यांहून थोडं जास्त. पहिले तीन दिवस तापमान १८ ते २० अंशांत धरून ठेवा. घनत्व थांबलं तरी घाई करू नका, आणखी तीन दिवस यीस्टवरच राहू द्या. तेवढ्यात यीस्ट लोण्याचा वास स्वतःच खाऊन टाकतं.

बाटलीत भरताना २० लिटरला ८५ ग्रॅम साखर पाण्यात उकळून घाला. जास्त घालू नका, ब्राउन एलला गॅस मंदच शोभतो. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवा, मग एक आठवडा थंड जागी. पहिली बाटली तेव्हा उघडा, आणि शेवटची तीन महिन्यांच्या आत.